‘ऱ्हीस’ हे वेल्श नाव: अर्थ, इतिहास, आणि देवनागरीत लिहायचं कसं?

चहाबिस्कीट

नमस्कार मंडळी. मी वेल्समध्ये, कार्डिफला असते. नवरा वेल्श, कार्मार्थनच्या बाजूच्या एका खेड्यातला. येत्या काही आठवड्यांत मुलगा होईल (इथे सोनोग्राफीत सांगतात). नवऱ्याच्या पणजोबांचं नाव ऱ्हीस होतं, रोमन लिपीत आर-एच-वाय-एस, आणि सासरी सगळ्यांना तेच नाव हवंय. मलाही आवडलंय. छोटंसं आहे, हाक मारायला बरं आहे.

अडचण आमच्या माहेरची. आई म्हणाली, “ऱ्हास? बाळाचं नाव ऱ्हास?” बाबांना ‘रईस’ ऐकू आलं. मावसभाऊ स्पेलिंग बघून ‘ऱ्हाइस’ म्हणाला. नवऱ्याला अर्थ विचारला तर म्हणतो, “अर्थ कसला, नाव आहे ते.”

तर नावाचा खरा अर्थ काय, ते जुनं की मधल्या काळातली फॅशन, आणि बारशाच्या पत्रिकेत देवनागरीत काय छापायचं? वडिलांचं नाव मधे घालायचं का, हाही वाद चालू आहे, पण तो नंतर.

तिरकस

रईस असला तर उत्तमच की. कार्डिफमधल्या घराचे हप्ते तोच फेडेल.

बोलीभाषक

अभिनंदन! आधी उच्चाराचं बघू, कारण इथे मराठी माणसाला भाव खायची संधी आहे.

या नावातला ‘आर-एच’ म्हणजे साधा र नाही. जीभ र ला थरथरते तशीच थरथरते, पण बरोबर श्वास सुटतो. इंग्रजांना हा ध्वनी येत नाही, म्हणून ते सरळ ‘रीस’ म्हणून मोकळे होतात. आपल्याकडे मात्र ऱ्ह आहे, आणि नुसता आहे असं नाही, त्याच्यासाठी लिपीत वेगळी सोयही आहे. तऱ्हा, बिऱ्हाड, गिऱ्हाईक, कुऱ्हाड म्हणणाऱ्याला ऱ्हीस म्हणणं अवघड नाही. तंतोतंत तोच ध्वनी नाही, हेही सांगून ठेवतो. आपला ऱ्ह घोष आहे, म्हणजे स्वरतंतू कंप पावतात. वेल्शमधला अघोष आहे. पण इंग्रजी ‘रीस’पेक्षा मराठी ‘ऱ्हीस’ मूळ उच्चाराच्या कितीतरी जवळ जातं.

‘वाय’मुळे मावसभावाचा गोंधळ झालाय. वेल्शमध्ये वाय हा स्वर आहे. एकाक्षरी नावात दक्षिण वेल्सचे लोक त्याचा सरळ दीर्घ ई करतात. उत्तरेत इ आणि उ यांच्या मधला, जीभ जरा मागे नेऊन काढलेला स्वर ऐकू येतो. तुमच्या यजमानांचं गाव दक्षिणेत, म्हणजे दीर्घ ईच. ‘ऱ्हाइस’ कुठेच नाही.

अर्थ म्हणाल तर नावांच्या पुस्तकांत आवेश, उत्साह, उत्कटता असे अर्थ देतात. नाव खूप जुनं आहे. जुन्या वेल्श लेखनात ते ‘रिस’ असं येतं. पण तुमच्या यजमानांचंही खोटं नाही. अर्थ बघून हे नाव कोणी ठेवत नाही. आपल्याकडेही ‘तुकाराम’ नाव ठेवताना कोणी शब्दकोश उघडत नाही.

कऱ्हेकाठची

माझं सदस्यनावच पुरावा म्हणून सादर करते! आमच्या सासवडच्या नदीचं नाव इंग्रजीत लिहून बघा, मग कळेल रोमन लिपीत या अक्षराचे काय हाल होतात.

चहाबिस्कीट, बिनधास्त ‘ऱ्हीस’ लिही गं. आईला सांग, ऱ्हास वेगळा आणि ऱ्हीस वेगळा. काना आणि वेलांटी यांत फरक असतो.

अक्षरशत्रू

मला हे पटत नाही. पत्रिका नातेवाईक वाचणार, भाषाशास्त्रज्ञ नाही. ‘रीस’ लिहा, वाचणाऱ्याला एका झटक्यात कळेल. ऱ्ह ने सुरू होणारे मराठी शब्द किती? ऱ्हास आणि ऱ्हस्व. एक म्हणजे अधोगती, दुसरा म्हणजे आखूड. बाळाला या रांगेत कशाला बसवता?

तिरकस

हा मुद्दा मात्र जोरदार आहे.

बोलीभाषक

अक्षरशत्रू, तुमच्या बाजूने एक गोष्ट मीच सांगतो. मध्ययुगीन वेल्श लेखनिक हे नाव बहुतेक वेळा ‘ह’ न घालता ‘आर-वाय-एस’ असंच लिहीत. त्याचं कारण असं की अस्सल वेल्श शब्दाच्या सुरुवातीला साधा र येतच नाही, ऱ्हच येतो. व्याकरणामुळे आद्य व्यंजन बदलतं तेवढी ठिकाणं सोडून द्या. (रेडिओसारखे उसने शब्द साध्या र ने सुरू होतात, ती गोष्ट वेगळी.) वाचणाऱ्याला उच्चार माहीतच असे, म्हणून ह लिहायची गरज पडत नव्हती. शिवाय दक्षिणेतल्या बऱ्याच बोलींत ह गळतो, तेव्हा कार्मार्थनची सासरची मंडळी प्रत्यक्षात ‘रीस’च म्हणत असतील अशीही शक्यता आहे.

पण मराठी वाचकाला तो उच्चार आधी माहीत नाही. म्हणून लिहायचं तर पूर्ण लिहावं.

चहाबिस्कीट

आत्ताच नवऱ्याला मोठ्याने म्हणायला लावलं. तो ऱ्ह म्हणतो. सासरे र म्हणतात. दोघेही म्हणतात आपलंच बरोबर. नवरा वेल्श माध्यमाच्या शाळेत शिकला, त्याचा परिणाम असेल.

राजगडी

उशिरा आलो. इतिहासाचं बोलणं अजून कोणी काढलं नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

हे नाव नैर्ऋत्य वेल्सच्या राजघराण्याचं आहे, आणि कार्मार्थन म्हणजे त्याच राज्यातला मुलूख. राज्याचं नाव दिहाइबार्थ. त्यात तीन ऱ्हीस महत्त्वाचे.

पहिला ऱ्हीस अप टेउडुर. ‘अप’ म्हणजे ‘चा मुलगा’. फ्रान्सकडून आलेले नॉर्मन लोक इंग्लंड जिंकून वेल्सच्या सीमेवर येऊन बसले त्या काळातला हा राजा. नॉर्मनांचा राजा विल्यम १०८१ मध्ये वेल्सच्या पश्चिम टोकाला, सेंट डेव्हिड्सपर्यंत येऊन गेला. त्यानंतर १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे विल्यमने करवून घेतलेल्या जमिनींच्या नोंदवहीत, ‘वेल्सचा रिसेट’ राजाला ४० पौंड देतो अशी नोंद आहे, आणि तो रिसेट म्हणजे हाच असं मानतात. खंडणी देऊन राज्य राखायचं, हे राजकारण आपल्याला नवीन नाही. विल्यम मेला, समझोता संपला, आणि १०९३ मध्ये ब्रेकनजवळ नॉर्मनांशी लढताना ऱ्हीस पडला. त्या दिवसापासून वेल्समध्ये राजे उरले नाहीत, अशा अर्थाचं वाक्य एका इंग्रज इतिवृत्तात आहे. ऱ्होंडा खोऱ्यात पेनऱ्हीस नावाचं गाव आहे. ‘पेन’ म्हणजे डोकं, म्हणून त्याचं डोकं तिथे उडवलं अशी दंतकथा सांगतात. लढाई झाली ब्रेकनकडे आणि डोकं पडलं ऱ्होंडात, हे जमत नाही. ‘पेन’चा अर्थ टेकडीचा माथा असाही होतो. पण दंतकथा आहे, चालायचंच.

दुसरा त्याचा नातू, ऱ्हीस अप ग्रिफिद, ११३२ ते ११९७. वेल्समध्ये त्याला नुसतं ‘लॉर्ड ऱ्हीस’ म्हणतात. त्याची आई ग्वेन्लियन. ११३६ मध्ये तिने स्वतः फौज घेऊन किडवेलीजवळ नॉर्मनांशी लढाई दिली आणि तीत ती मारली गेली. पोरगा तेव्हा चार वर्षांचा. पुढे हाच मुलगा इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीशी कधी भांडत, कधी जुळवून घेत इतका वर आला की ११७२ मध्ये हेन्रीनेच त्याला दक्षिण वेल्सचा मुख्य न्यायाधिकारी नेमलं. कार्डिगनचा किल्ला त्याने दगडात बांधून काढला, आणि ११७६ च्या नाताळात तिथे एक मोठा मेळा भरवला. वर्षभर आधी वेल्स, इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंडमध्ये दवंडी पिटली होती. कवींची एक स्पर्धा, वादकांची एक, आणि दोन्हीतल्या विजेत्याला एकेक खुर्ची. काव्याचा मान उत्तर वेल्समधल्या ग्वेनेडच्या कवींनी नेला, संगीताचा मान ऱ्हीसच्याच दरबारातल्या एका तरुणाने. आज वेल्समध्ये दर वर्षी राष्ट्रीय आइस्टेथवॉड (काव्य-संगीताच्या स्पर्धांचा मेळा) भरतं आणि कवीला खुर्ची देतात, त्याचं मूळ इथे दाखवतात. १९७६ मध्ये आठशे वर्षं झाली म्हणून ते आइस्टेथवॉड मुद्दाम कार्डिगनलाच भरवलं होतं.

आजोबांचं नाव नातवाला, हे बघितलंत ना? तिथेही तीच चाल. ऱ्हीसचा ग्रिफिद, ग्रिफिदचा ऱ्हीस. तुमच्या सासरच्यांनी पणजोबांपर्यंत मागे जायला उशीरच केला म्हणायचा.

तिसरा सर ऱ्हीस अप टॉमस (१४४९–१५२५). या माणसावर कादंबरी व्हायला हवी. इंग्लंडच्या राजाला, तिसऱ्या रिचर्डला, त्याने वचन दिलं होतं की गादीवर हक्क सांगणारा हेन्री ट्यूडर वेल्समध्ये उतरला तर “माझ्या पोटावरून गेल्याशिवाय” पुढे जाणार नाही. १४८५ च्या ऑगस्टमध्ये हेन्री पेंब्रोकशरच्या किनाऱ्यावर उतरला. ऱ्हीसचं मन तर हेन्रीच्या बाजूने. म्हणून म्हणे तो एका पुलाखाली उताणा झोपला आणि हेन्रीला वरून चालत जाऊ दिलं. वचनही पाळलं, पाहुण्याचं स्वागतही झालं! गोष्ट रचलेली असेल, पण ज्या लढाईत रिचर्ड मेला आणि हेन्री राजा झाला त्या बॉसवर्थच्या लढाईत तो हेन्रीच्या बाजूने लढला आणि त्याबद्दल त्याला सरदारकी मिळाली, हे खरं. रिचर्डवर शेवटचा घाव त्यानेच घातला असंही वेल्श परंपरा सांगते. त्याची कबर कार्मार्थनच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये आहे, म्हणजे चहाबिस्कीट, तुमच्या सासरच्या वाटेवरच.

त्याच्या नातवाचं नावही ऱ्हीस अप ग्रिफिद. त्याला हेन्रीच्याच मुलाने, आठव्या हेन्रीने, १५३१ मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून मारलं. आजोबांच्या उपकाराची फेड दोन पिढ्याही टिकली नाही.

सुलूमावशी

राजगडींचा प्रतिसाद दोनदा वाचला. आम्ही स्वान्सीला येऊन एक जन्म झाला, कार्डिगनचा किल्ला चार वेळा बघितला, पण खुर्चीची गोष्ट कोणी अशी सांगितली नव्हती.

नाव किती चालतं ते मी सांगते, मी शाळेत मदतनीस होते. १९९० नंतर आणि २००० च्या आगेमागे ऱ्हीसचं पीक आलं होतं. एकाच वर्गात दोन-तीन असायचे, मग त्यांना आडनावाच्या पहिल्या अक्षराने हाक मारायची. तेव्हा इंग्लंडमध्येही नाव जोरात होतं, पण तिथे स्पेलिंग बदलून आर-डबलई-सीई. चेल्सीचा रीस जेम्स आहे ना, तसं. आता बालवाडीत ऱ्हीस क्वचित दिसतो. ओशान, मॅक्सेन, एलिस ही नावं जास्त ऐकू येतात, आणि नोआ तर गल्लोगल्ली. ऱ्हीस म्हणजे आता पंचविशी-तिशीतला बाप्या झालाय. तुझ्या मुलाच्या वर्गात दुसरा ऱ्हीस असायची भीती नाही.

त्याआधीची गंमत अशी की आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या पिढीत ऱ्हीस जवळजवळ नव्हतेच. सगळे डेव्हिड, जॉन, विल्यम, टॉमस. चॅपलचा जोर होता, बायबलातली आणि इंग्रजी नावं चालायची. वेल्श नावं पुन्हा आली ती विसाव्या शतकात, भाषेची चळवळ वाढली तशी. म्हणून पणजोबा ऱ्हीस असणं ही खास गोष्ट आहे हो. जन्मदाखला मिळाला तर बघा, बहुतेक आर-डबलई-एस लिहिलेलं असेल.

चहाबिस्कीट

मावशी, तुम्ही जादूगार आहात का? सासूबाईंकडे बायबल आहे, त्यात पहिल्या पानावर घरातल्या जन्मांच्या नोंदी आहेत. तिथे आर-डबलई-एस असंच आहे.

डावखुरा

रग्बी कोणी काढलंच नाही! ऱ्हीस वेब, ऱ्हीस प्रीस्टलंड, ऱ्हीस पॅचेल, ऱ्हीस कॅरे. वेल्सच्या लाल जर्सीत एकाच दशकात इतके ऱ्हीस खेळून गेलेत. सुलूमावशी म्हणतात ते पीक मैदानावर असं दिसतं.

नटांमध्ये ऱ्हीस इव्हान्स आहे. त्याचं खरं नाव ऱ्हीस ओवाइन इव्हान्स, आडनावाचं स्पेलिंग त्याने वेल्श पद्धतीने ‘आय’ने सुरू होणारं करून घेतलं. मॅथ्यू ऱ्हीस कार्डिफचाच. त्याने उलटं केलं. इव्हान्स आडनाव सोडून मधलं नाव ऱ्हीस तेच आडनाव म्हणून लावलं. वेल्समध्ये इव्हान्स इतके की नाटकवाल्यांना वेगळं नाव लावावंच लागतं.

कऱ्हेकाठची

आणि हॉलिवूडची नटी रीज विदरस्पून? ती तर बाई.

डावखुरा

तिच्या आईचं माहेरचं आडनाव ते. वेल्श ऱ्हीसचं आडनाव झालं, आडनाव अमेरिकेला गेलं, तिथे त्याचं मधलं नाव झालं आणि मग मुलीचं नाव. अमेरिकेत त्या, आर-डबलई-एसई, स्पेलिंगच्या मुली आता भरपूर आहेत. पण ‘आर-एच’ असेल तर मुलगाच समजायचा. निदान वेल्समध्ये तरी.

अक्षरशत्रू

म्हणजे एका नावाची चार स्पेलिंगं, आणि सरकार जेव्हा लोकप्रिय नावांची यादी काढतं तेव्हा ती चारही वेगवेगळी मोजतं. मग ‘लोकप्रियता घसरली’ याला काय अर्थ?

सुलूमावशी

घसरली हे खरं, चारही घसरली. आकड्यांशिवायही कळतं, शाळेच्या हजेरीपटावरून.

राजगडी

आता आडनावाचं. अप म्हणजे ‘चा मुलगा’ म्हटलं ना? वेल्समध्ये पूर्वी आडनाव नव्हतंच. वडिलांचं नाव, मग आजोबांचं, मग पणजोबांचं, अशी माळ. मुलगी असेल तर ‘वेर्ख’. आपल्या जुन्या मोडी कागदांत ‘सखाराम बिन तुकोजी’ येतं, सातबाऱ्यावर अजून ‘वलद’ सापडतं, तेच हे. सोळाव्या शतकात वेल्स इंग्लंडच्या कायद्याखाली आलं आणि कोर्टकचेरीत एक ठरलेलं आडनाव लागायला लागलं. मॉस्टिन घराण्याचा किस्सा सांगतात की नावांची माळ ऐकून न्यायाधीश कंटाळला आणि म्हणाला, शेवटचं नाव लाव नाहीतर घराचं नाव लाव, पण हे आवर.

मग झालं काय, ‘अप’चा अ गळाला आणि प पुढच्या नावाला चिकटला. अप ऱ्हीसचं प्राइस. अप हवेलचं पॉवेल, अप ह्यूचं प्यू, अप हॅरीचं पॅरी, अप रिचर्डचं प्रिचर्ड. स्वरापुढे ‘अब’ यायचं, म्हणून अब ओवाइनचं बोवेन आणि अब इव्हानचं बेव्हन. म्हणजे ज्यांना आपण अस्सल इंग्रज समजतो अशा बऱ्याच प्राइस, पॉवेलांच्या घरात कुठेतरी एक वेल्श बाप दडलेला असतो.

छापलेलं पहिलं वेल्श पुस्तक १५४६ चं, ते काढणारा ब्रेकनचा जॉन प्राइस. त्याच्या वडिलांचं नाव ऱ्हीस. आणि संख्याशास्त्रवाल्यांसाठी: शक्यतांच्या गणितातला बेजचा सिद्धांत बेज मेल्यावर १७६३ मध्ये छापून आणला तो रिचर्ड प्राइसने, ग्लॅमॉर्गनच्या लँगाइनॉरचा. त्याच्या वडिलांचं नाव रीस प्राइस, म्हणजे शब्दशः ऱ्हीस ऱ्हीसचा.

बोलीभाषक

प्राइस आडनाव मराठीत ‘किंमत’ म्हणून हसण्यावारी जातं. त्यात एक राजा लपलाय हे आजच समजलं.

तिरकस

आमच्या हापिसात एक मिस्टर प्राइस होते. राजासारखेच वागायचे.

चहाबिस्कीट

राजगडी, आता मूळ वादावर येते. आमच्याकडे बाबांचं म्हणणं, मधे वडिलांचं नाव लागलंच पाहिजे, आपली पद्धत. नवऱ्याचं नाव ग्रिफिद. (हो. आत्ता वाचतानाच लक्षात आलं.) सासरचे म्हणतात मधलं नाव म्हणजे दुसरं काहीतरी छान नाव, वडिलांचं नव्हे. आणि मला मधे एक मराठी नाव हवंय.

राजगडी

नवरा ग्रिफिद आणि मुलगा ऱ्हीस? मग ऱ्हीस अप ग्रिफिद झाला की! लॉर्ड ऱ्हीसच. यापुढे मी काय सांगणार?

कऱ्हेकाठची

ओहोहो! बाबांना कळवा. त्यांचीच पद्धत आठशे वर्षांपूर्वी दिहाइबार्थमध्ये चालू होती म्हणावं.

अक्षरशत्रू

थांबा. ‘अप’ आजच्या दाखल्यावर लावता येतं का? की हौसेपुरतंच?

राजगडी

लावतात. गेल्या काही दशकांत बऱ्याच वेल्श घरांनी इंग्रजी वळणाचं आडनाव सोडून पुन्हा अप घेतलाय. २०२३ पासून वेल्सच्या प्लाइड कम्री या राजकीय पक्षाचं नेतृत्व करणाऱ्याचं नावच ऱ्हीन अप योर्वर्थ. (नावात पुन्हा ऱ्ह, बघा.) दिनेवूरच्या सरदार घराण्याची गोष्टही तशीच आहे. सर ऱ्हीस अप टॉमसचे ते वंशज. मधल्या काळात आडनाव ‘राइस’ झालं होतं, विसाव्या शतकात त्यांनी ते परत ऱ्हीस करून घेतलं.

सुलूमावशी

हौस बाजूला ठेव, मी व्यवहाराचं सांगते. इथे आईवडील आणि मूल यांचं आडनाव जुळलं नाही तर विमानतळावर प्रश्न विचारतात. भारताच्या कागदपत्रांत तर नावातलं एक अक्षर इकडचं तिकडे झालं की फेऱ्या. म्हणून आडनाव नवऱ्याचं आहे तेच राहू दे. मधे दोन नावं चालतात, इथे कोणी अडवत नाही. ‘ऱ्हीस’, मग तुझ्या आवडीचं मराठी नाव, मग ‘ग्रिफिद’, मग आडनाव. अप घरात म्हणा, दाखल्यावर नको.

बोलीभाषक

मराठी नाव निवडताना वेल्शमध्ये त्याचं काय होतं तेही बघून घ्या. उलट दिशेचं उदाहरण: वेल्सच्या संताचं, सेंट डेव्हिडचं, वेल्श नाव ‘देवी’. मुलाचं नाव! ते सुचवलं असतं तर आईंचा चेहरा कसा झाला असता? आणि ‘तरन’ म्हणजे वेल्शमध्ये मेघगर्जना. पंजाबी मित्रमंडळी असतील तर त्यांना ओळखीचं वाटेल.

चहाबिस्कीट

देवी नावाचे नवऱ्याचे एक काका आहेत, आमच्या लग्नात त्यांची ओळख करून देताना माझी आजी त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली होती.

मावशी, तुमचा क्रम दोघांना वाचून दाखवला. नवरा तयार. बाबांचं म्हणणं, मराठी नाव पहिलं हवं.

सुलूमावशी

पत्रिकेत पहिलं छापा, दाखल्यावर दुसरं. बारसं आपलं, दाखला त्यांचा. आणि नोंदणीला उशीर करू नकोस, इथे ४२ दिवसांच्या आत करायची असते. वेल्समध्ये नोंद इंग्रजी आणि वेल्श दोन्ही भाषांत होऊ शकते, पण त्यासाठी नोंदवायला जाणाऱ्याला आणि तिथल्या रजिस्ट्रारला वेल्श यावी लागते. म्हणून नवऱ्याला पाठव आणि वेळ ठरवतानाच वेल्श येणारा रजिस्ट्रार माग.

अक्षरशत्रू

पत्रिकेवर ‘ऱ्हीस’ छापणार असाल तर मुद्रकाकडून नमुना मागवा. बऱ्याच फॉन्टमध्ये हा ऱ्ह तुटतो आणि पायमोडका र वेगळा नि ह वेगळा पडतो. मी विरोधात असलो तरी चुकीचं छापलेलं बघवत नाही.

कऱ्हेकाठची

कऱ्हाडच्या किंवा सासवडच्या मुद्रकाकडे द्या. त्यांना रोजची सवय आहे.